आजोबांच्या ट्रंकेतली जपानी नोट: बर्माची म्हणतात, पण वर डॉलर कसे?

मीनल_के

आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट अशी की आजोबा 'बर्माच्या लढाईला' गेले होते आणि येताना जपान्यांची नोट घेऊन आले. काकांनी घर बदललं तेव्हा आजोबांची ट्रंक माझ्याकडे आली आणि ती नोट पहिल्यांदा नीट हातात घेऊन बघितली. दहाची आहे. पुढच्या बाजूला घड लागलेलं केळीचं झाड आणि इतर फळझाडं, खाली जपानी अक्षरं, एक चौकोनी शिक्का. इंग्रजी मजकूर असा की जपानी सरकार धारकाला मागणी करताच दहा डॉलर देण्याचं वचन देतं. नोटेला क्रमांकच नाही! एम पासून सुरू होणारी दोन अक्षरं तेवढी छापली आहेत.

माझा गोंधळ हा की बर्मात रुपये चालायचे ना? मग डॉलर कुठून आले? नोट खोटी आहे का? आजोबा लढणाऱ्या पलटणीत नव्हते, सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतुकीच्या खात्यात, ड्रायव्हर होते, एवढं पक्कं माहीत आहे. बाकी ते लढाईबद्दल फारसं बोलायचे नाहीत.

दुसरं म्हणजे नोट घडीवर फाटायला आली आहे आणि कोणीतरी मागून चिकटपट्टी लावून ठेवली आहे. ती काढू का?

घाटमाथा

आधी किंमत विचारा, इतिहास नंतर. सगळे तेच करतात, तुम्ही उगाच सभ्यपणा दाखवताय. :)

नोटांचा_नाद

मीनलताई, नोट खोटी असण्याचं काही कारण दिसत नाही. फक्त ती बर्माची नाही, मलायाची, म्हणजे आजच्या मलेशियाकडची आहे.

जपानने १९४१-४२ मध्ये आग्नेय आशिया घेतला तेव्हा प्रत्येक मुलखासाठी तिथल्याच चलनात वेगळ्या नोटा छापल्या. मलाया आणि सिंगापूरला डॉलर, बर्माला रुपये, फिलिपिन्सला पेसो, डच ईस्ट इंडीजला (आजचा इंडोनेशिया) आधी गिल्डर आणि पुढे रुपिया, न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांसाठी पौंड-शिलिंग. नोटेवरच्या अक्षरांपैकी पहिलं अक्षर मुलूख सांगतं. एम म्हणजे मलाया, बी बर्मा, पी फिलिपिन्स, ओ ओशनिया, आणि डच ईस्ट इंडीजला एस. पुढचं अक्षर छपाईच्या गठ्ठ्याचं.

सुरुवातीच्या काही नोटांवर रीतसर क्रमांक असायचे. पुढे छपाई इतकी वाढली की क्रमांक घालणंच सोडून दिलं. क्रमांकाची नोट मिळाली तर संग्राहक जरा सरसावून बसतात, बिनक्रमांकाची पोत्याने मिळते. तुमची ती सुप्रसिद्ध केळीवाली. मलायात त्या पैशाला लोक 'केळीचा पैसा'च म्हणायचे, आणि त्यात कौतुकापेक्षा कुचेष्टा जास्त होती.

घाटमाथा, किंमत: घडी पडलेल्या, चिकटपट्टीवाल्या नोटेचे दोन वेळच्या चहाचे पैसे सुटतील. समाधान?

घाटमाथा

पूर्ण. आता इतिहास येऊ द्या.

रानवेडा

आमच्याकडे खरी बर्माची आहे. पाव रुपयाची, अक्षर बी. म्हणजे नाद यांनी सांगितलं ते जुळतं. गंमत अशी की जपान्यांनी बर्मात आणे-पै मोडून सेंट आणले. १, ५ आणि १० सेंटच्या नोटा, मग पाव, अर्धा, एक, पाच, दहा, शंभर रुपये. मोठ्या नोटांवर पॅगोडा आहे, आमच्या पाव रुपयावर तेही नाही.

आमचे पणजोबा २६ व्या इंडियन डिव्हिजनबरोबर मे १९४५ मध्ये रंगूनला उतरले. जपानी आधीच निघून गेले होते. पणजोबा सांगायचे की रस्त्यात नोटा पाचोळ्यासारख्या पडलेल्या होत्या आणि बुटाखाली येत होत्या. कोणी वाकून उचलत नव्हतं, उचलली ती फक्त शिपायांनी, घरी दाखवायला म्हणून. त्यामुळे 'लढाईत जिंकून आणली' वगैरे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. उचलून आणली, संपलं.

पूर्वा_द

रानवेडा, तो पाचोळा कुणाचा तरी पगार होता, हे लक्षात ठेवून वाचावं अशी विनंती.

कब्जा झाल्यावर लोकांनी खरे पैसे दडवले आणि व्यवहार या कागदावर चालू झाला. मजुरी यात, भाताची विक्री यात, भाडं यात. जपान्यांनी छापायचं थांबवलंच नाही. मलायात शेवटी १००० डॉलरची नोट काढावी लागली. आणि सप्टेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश परतले तेव्हा त्यांनी जाहीर केलं की हे चलन आम्ही मानत नाही. बदलून द्यायचा प्रश्नच नव्हता. ज्याने साडेतीन वर्षं मीठ-मिरची विकून गल्ला भरला, त्याचा गल्ला एका जाहिरनाम्यात शून्यावर आला.

शिपायाच्या ट्रंकेत ती नोट 'आठवण' म्हणून येऊ शकली, कारण तिची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी घरात बुडाली होती. मला या नोटांचे अल्बम बघताना नेहमी हे आठवतं.

नोटांचा_नाद

पूर्वाताई, मान्य, पण अर्धंच. बुडाले तसे तरलेलेही होते. कब्जाच्या काळात हुशार ऋणकोंनी युद्धापूर्वीची कर्जं या कागदात फेडून टाकली. सावकाराला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण जपान्यांचं चलन नाकारणं म्हणजे केंपेइताईला, त्यांच्या लष्करी पोलिसांना, घरी बोलावणं. युद्धानंतर भांडण लागलं की ती फेड धरायची की नाही. मलायात त्यासाठी १९४८ मध्ये वेगळा कायदाच करावा लागला, आणि काळ जसा पुढे गेला तशी जपानी डॉलरची किंमत उतरत्या पायरीने धरली गेली. १९४२ मध्ये फेडलं असेल तर जवळजवळ पूर्ण, १९४५ मध्ये फेडलं असेल तर नावापुरतं.

बर्मात जमिनीवर कर्ज देणारे चेट्टियार सावकार होते, त्यांचीही हीच गत झाली. म्हणजे हा पैसा कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला हे इतकं सरळ नाही.

पूर्वा_द

सरळ नाही, पण ज्यांच्याकडे कर्जही नव्हतं आणि जमीनही नव्हती, मळ्यावरचे तमिळ मजूर, त्यांचं काय? त्यांच्या हातात फक्त कागद राहिला. हाँगकाँगच्या लोकांनी तर जपानच्या लष्करी येनसाठी थेट टोकियोच्या न्यायालयात दावा लावला, १९९९ मध्ये तो फेटाळला गेला. फिलिपिन्समधल्या नोटाधारकांनी संघटना काढून अमेरिकेविरुद्ध दावा लावला, तोही १९६७ मध्ये बुडाला. त्या संघटनेचा शिक्का मारलेल्या नोटा आजही बाजारात येतात. शिक्का असला की भाव जास्त, असं ऐकलं. चीड यावी की हसावं कळत नाही.

नोटांचा_नाद

शिक्क्याच्या बऱ्याच आहेत, भाव फारसा नाही. चीड यायला हरकत नाही.

शंकासुर

माझा मूळ धाग्याबद्दल एक मुद्दा. अक्षरावरून नोट कुठल्या मुलखासाठी छापली ते कळतं. माणूस कुठे होता ते कळत नाही. या दोन गोष्टी वर सगळ्यांनी एकत्र करून टाकल्या आहेत.

छावण्यांमध्ये आणि बोटींवर या नोटांची सर्रास अदलाबदल चालायची. सिगारेटच्या बदल्यात नोट, नोटेच्या बदल्यात बटण, पत्त्यात हरली म्हणून नोट. विमानदळात तर एक पद्धतच होती, प्रवासात भेटलेल्या सोबत्यांच्या सह्या नोटेवर घ्यायच्या आणि एकेका देशाची नोट मागच्या नोटेला चिकटवत लांब पट्टी करायची. अशा पट्टीत जो माणूस इटलीत कधी पोचलाच नाही त्याच्याकडेही इटलीची नोट निघते. तेव्हा 'मलायाची नोट आहे म्हणजे आजोबा मलायात होते' हे पुराव्यात चालणार नाही.

दर्यावर्दी

शंकासुर, नियम म्हणून बरोबर. पण काही नोटा फिरत नाहीत. माझ्या चुलत आजोबांकडे ओ अक्षराची शिलिंगची नोट होती. सातारा जिल्ह्यातल्या एका घरात ओशनियाची शिलिंग कशी येईल? सिगारेटच्या बदल्यात घ्यायला ती मुळात कोणाच्या खिशात असायला हवी ना.

सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं. जे हिंदी शिपाई कैद झाले त्यांना फॅरर पार्कच्या मैदानावर गोळा केलं गेलं. पुढे त्यातल्या हजारोंना जपान्यांनी कामाला जुंपायला बोटींनी न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनला नेलं. बोटींत गुरासारखं कोंबून. तिथे उपासमार, मलेरिया, वरून बॉम्ब, आणि बरेच जण परत आलेच नाहीत. चुलत आजोबा आले. आमच्याकडे त्यांच्याविषयी 'ते बेटावर होते' एवढंच म्हणायचे. कुठलं बेट, कोणी विचारलं नाही. ती नोट बघूनच पुढे चौकशी केली आणि डिस्चार्जच्या कागदांत युद्धकैदी अशी नोंद निघाली.

म्हणून म्हणतो, नोट पुरावा नसेल, पण कुठे शोधायचं ते सांगते.

शंकासुर

'कुठे शोधायचं ते सांगते' याला माझी ना नाही. माझं भांडण निकाल देण्याशी आहे.

आडनाव_नको

थोडं विषयांतर. सगळे जपान्यांच्याच मागे लागलेत. कब्ज्याचं चलन दोस्त राष्ट्रांनीही छापलं. मराठा पलटणी इटलीत होत्या, ३/५ मधल्या (पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन) नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी आणि १/५ मधल्या शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे आपल्याला ठाऊक असतं. पण तिथे बाजारात कोणता पैसा चालायचा? 'अलाइड मिलिटरी करन्सी'. लिरा, अमेरिकेत छापलेले. पौंडाला ४०० लिरा असा दर ठरवून दिलेला. छोटी, जवळपास चौकोनी नोट, आमच्याकडे पाच लिराची आहे.

आता मजा बघा. त्या नोटेच्या मागे चार स्वातंत्र्यं छापली आहेत. भाषणाचं स्वातंत्र्य, धर्माचं स्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती, भयापासून मुक्ती. या नोटा चालू झाल्या १९४३ मध्ये. ज्या हिंदी शिपायाच्या खिशात ती नोट होती त्याच्या देशात तेव्हा गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते आणि बंगालमध्ये माणसं रस्त्यावर भुकेने मरत होती. छापणाऱ्याने कोणासाठी छापलं आणि वाचलं कोणी!

रानवेडा

+१. हे माहीत नव्हतं. फोटो टाका ना.

घाटमाथा

वाचलं कोणी म्हणताय, पण इंग्रजीत होतं ना ते? आमचे आजोबा सही मराठीतच करायचे. चारही स्वातंत्र्यं खिशात घेऊन फिरले असतील आणि त्यात बिडी गुंडाळली असेल.

आडनाव_नको

शक्य आहे. :D

उंबरठा

माझ्याकडे सहाव्या जॉर्जची भारतीय दहाची नोट आहे, पण तिच्यावर इंग्रजीत जादा छापलंय की बर्माचं लष्करी प्रशासन, फक्त बर्मात चालेल. ही पण जपानीच का?

नोटांचा_नाद

नाही, ही परतलेल्या इंग्रजांची. १९४५ मध्ये बर्मा परत घेताना नवी नोट छापायला वेळ कुठला, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नोटांवरच तो मजकूर छापून चालवल्या. बर्मा १९३७ मध्ये हिंदुस्थानापासून वेगळा झाला तरी त्याचं चलन आपली रिझर्व्ह बँकच बघायची. चांगली नोट आहे, मीनलताईंच्या नोटेपेक्षा पुष्कळ बरी किंमत येते. घाटमाथांच्या आधी मीच सांगून टाकतो.

कोवळं_ऊन

आझाद हिंद बँकेच्या नोटा कोणी पाहिल्यात का? मला एक जण एक लाखाची दाखवत होता, नेताजींचा फोटो असलेली.

नोटांचा_नाद

पाकीट खिशातच ठेवा. बँक खरी होती, एप्रिल १९४४ मध्ये रंगूनला सुरू झाली, आग्नेय आशियातल्या हिंदी लोकांनी देणग्या दिल्या, दागिने दिले. पण 'एक लाखाची नेताजींची नोट' म्हणून जे विकलं जातं त्यात हौशी छपाईचाच भरणा आहे. नवा कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला असतो. वास घेऊन बघा.

मीनल_के

बापरे, दोन दिवस बघितलं नाही तर केवढा धागा झालाय. सगळ्यांचे आभार.

ट्रंक पुन्हा उपसली. एका डबीत पदकं आहेत, फिती कसरीने खाल्ल्यात, रंग ओळखू येत नाहीत. एक सहा टोकांचा तारा आहे. मधे मुकुट, आणि भोवती कोरलेलं वाचलं तर 'द पॅसिफिक स्टार'. मला वाटत होतं बर्मा स्टार असेल. पॅसिफिक म्हणजे समुद्रावर असायचे का? ते तर ड्रायव्हर.

दर्यावर्दी

ताई, जरा बसून वाचा.

पॅसिफिक स्टार नौदलापुरता नव्हता. जमिनीवरच्या शिपायाला तो ज्या भागांसाठी मिळायचा त्यात मलाया आहे, आणि मलायासाठी मुदत ८ डिसेंबर १९४१ ते १५ फेब्रुवारी १९४२. म्हणजे जपानी उतरल्यापासून सिंगापूर पडेपर्यंत. त्यानंतर मलायात जे झालं ते बर्मा स्टारच्या खात्यात. १९४५ मध्ये ब्रिटिशांबरोबर परत जाणाऱ्या शिपायाला पॅसिफिक स्टार मिळण्याचं कारण नाही.

मलायाची नोट, पॅसिफिक स्टार आणि फारसं न बोलणारे आजोबा. मला वाटतं ते सिंगापूरला कैद झाले असावेत.

शंकासुर

आता मीही तिकडेच झुकतो. हाँगकाँगलाही तो स्टार मिळायचा आणि सिंगापूर पडण्याआधी काही जण बाहेरही निघाले होते, एवढी दोन दारं उघडी ठेवा. पण नोट १९४२ च्या आधीची असूच शकत नाही, म्हणजे ती कब्ज्यात राहून किंवा नंतर मिळालेली. दोन्ही एकत्र ठेवले तर कैद हाच सरळ अर्थ.

मीनल_के

घरात हे कधीच कोणी बोललं नाही. 'बर्मा'च म्हणायचे सगळे. आजीसुद्धा.

रानवेडा

गावाकडे पूर्वेची सगळी लढाई म्हणजे बर्माच होती हो. मलाया म्हटलं तर कोणाला कळणार? आमच्या आळीत एक आजोबा लिबियात होते, त्यांनाही लोक बर्मावालेच म्हणायचे.

कोवळं_ऊन

मग ते आझाद हिंद सेनेत असतील का? तसं असेल तर किती अभिमानाची गोष्ट!

शंकासुर

झालं सुरू. कैद झालेल्यांपैकी पुष्कळ जण आझाद हिंद सेनेत गेले, पुष्कळ गेले नाहीत. जे गेले नाहीत त्यातल्याच कित्येकांना न्यू गिनीच्या बोटीत चढवलं गेलं. परतल्यावर ब्रिटिशांनी चौकशी करून, कोण किती निष्ठावान राहिलं यावरून, सगळ्यांची पांढरे, करडे, काळे अशी विभागणी केली. काळ्यांना बडतर्फ केलं, पगार जप्त. पदक मिळालंय म्हणजे बहुधा काळ्यांत नव्हते. याच्या पुढे धाग्यावर बसून ठरवता येणार नाही, आणि ठरवूही नये.

पूर्वा_द

शंकासुर, यावेळी पूर्ण सहमत. आणि न गेलेल्यांकडे कमी अभिमानाने बघायचं कारण नाही. ऊन, हे तुम्हाला टोमणा म्हणून नाही.

कोवळं_ऊन

नाही नाही, पटलं.

मीनल_के

आजोबांना पेन्शन मिळायची, ती पुढे आजीला मिळाली. म्हणजे कागद कुठेतरी असणार. कुठे मागायचे?

दर्यावर्दी

पेन्शनचे कागद आधी शोधा. त्यावर फौजेचा नंबर असतो, तो सोन्यासारखा सांभाळा, त्याच्याशिवाय काही हलत नाही. मग त्यांच्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र. पलटणीतल्यांचं ते त्या त्या रेजिमेंटकडे असतं, मराठा पलटणींचं बेळगावला, पण तुमचे आजोबा सर्व्हिस कोअरचे, तेव्हा तिकडे नका पाठवू. नातं सिद्ध करणारा कागद जोडा. नाव त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कसं लिहिलं असेल त्याच्या दोन-तीन शक्यता पत्रातच लिहून द्या. आमच्या चुलत आजोबांचं आडनाव तिथे असं काही लिहिलं होतं की ते आम्हाला ओळखू आलं नाही.

फौज सोडल्याची तारीख बघा, आणि १९४२ ते ४५ मध्ये काय नोंद आहे ती बघा. 'बेपत्ता' असं लिहून पुढे 'युद्धकैदी' असेल तर उत्तर मिळालं.

नोटांचा_नाद

चिकटपट्टीचं राहूनच गेलं. अजिबात ओढू नका. तो डिंक कागदात मुरलेला असतो, ओढलं की छपाई त्याच्याबरोबर निघते. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, रॉकेल, जे काही नेटवर सांगतात ते काही करू नका. कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडून काढून घेता आली तर उत्तम, नाहीतर आहे तशी राहू द्या.

लॅमिनेशन तर नावसुद्धा काढू नका, ती नोटेची फाशी आहे. पॉलिएस्टरचा पारदर्शक खिसा मिळतो, त्यात सपाट ठेवा. साधं मऊ प्लास्टिक नको, ते पुढे चिकट होतं. डांबराच्या गोळ्या नोटेला लागून ठेवू नका. फितींचंही तेच, धुवायला घेऊ नका. आणि आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, कसरीला इतिहासात रस असतो.

उंबरठा

नोटा बाहेरदेशी पाठवायला काही परवानगी लागते का? भाऊ तिकडे असतो, त्याला हवी आहे.

नोटांचा_नाद

पुरावस्तूचा कायदा १९७२ चा, त्यात साधारणपणे शंभर वर्षं जुनी वस्तू येते. आपल्या नोटा अजून तेवढ्या म्हाताऱ्या नाहीत. पण टपालाने पाठवू नका, भाऊ येईल तेव्हा हातात द्या.

आडनाव_नको

पाच लिराचे फोटो टाकलेत, दोन्ही बाजू. मागची बाजू मोठी करून बघा, चारही स्वातंत्र्यं वाचता येतात. एका कोपऱ्यात जळल्याचा डाग आहे, घाटमाथांची बिडीची शंका तिथे तपासून घ्यावी.

घाटमाथा

तपासली. नोटेचा चिरूट केलेला दिसतोय, आजोबा श्रीमंत असणार.

मीनल_के

पेन्शनचं पुस्तक आत्याकडे मिळालं! नंबर आहे, नाव इंग्रजीत भलतंच लिहिलंय. या आठवड्यात पत्र टाकते. दर्यावर्दी, तुमच्या पत्राचा मसुदा असेल तर इथेच टाकाल का? माझ्यासारख्या अजून बऱ्याच जणांना लागेल.

दर्यावर्दी

शोधून टाकतो. इंग्रजीत आहे, आणि फार नम्र आहे, वडिलांनी लिहिलेला.